दवाखाना न टाकता जीवशास्त्र: सोलापूरच्या मुलामुलींसाठी मार्गदर्शक

अकरावीला जीवशास्त्र घेतलंय म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला: "नीटचा क्लास कुठं लावलाय?" मी बीएस्सीला प्रवेश घेतला तेव्हा मामांनी विचारलं होतं, "म्हणजे दवाखाना कधी टाकणार?" एमएस्सी झाल्यावरही विचारलं. आता पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे, तरी परवा दिवाळीत फराळाची प्लेट हातात देता देता तेच. मामांचा काही दोष नाही. जीवशास्त्र शिकलेला आणि डॉक्टर नसलेला माणूस आमच्या गल्लीत कुणी पाहिलाच नव्हता.

माझे वडील मार्केट यार्डात कांद्याच्या अडतीवर हिशेब लिहितात. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. या वाटेबद्दल मला जे काही कळलं, ते बहुतेक सगळं वेळ निघून गेल्यावर. हुशारी कमी पडली म्हणून मागे राहिलेली मुलं मी फार पाहिली नाहीत. विषय चुकला, तारीख चुकली, दाखला चुकीच्या नमुन्यात निघाला म्हणून बाहेर राहिलेली मात्र बरीच पाहिली. म्हणून हे सगळं वयाच्या क्रमाने लिहिते आहे. परीक्षांचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा फॉर्म भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच.

१. आधी बघा, जीवशास्त्रज्ञ दिवसभर करतो काय

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. डाळिंबावर तेल्या पडतो. फळावर तेलकट काळे डाग येतात, फळ तडकतं आणि वर्षाची मेहनत बांधावर फेकावी लागते. हा रोग झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो. आता या एकाच रोगावर काम करणारे चार जण पाहू. पहिली प्रयोगशाळेत काचेच्या बशीत तो जिवाणू वाढवते आणि कुठल्या औषधाने मरतो ते तपासते. दुसरा रोगाला दाद न देणारं वाण शोधण्यासाठी वर्षानुवर्षं संकर करत बसतो. तिसरी जिवाणूचा डीएनए संगणकावर वाचते, तिच्या टेबलावर ना बशी ना डाळिंब. चौथा पावसात बागेत उभा राहून थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर रोग एका झाडावरून दुसऱ्यावर कसा जातो, याच्या नोंदी करतो.

चौघंही जीवशास्त्रज्ञ. पण चौथ्याला पहिलीच्या खोलीत आठवडाभर बसवलं तर तो पळून जाईल. म्हणून "मला बायोलॉजी आवडतं" एवढं पुरत नाही. तुम्हाला खोलीतलं काम झेपतं, उन्हातलं की पडद्यावरचं, याचा अंदाज दहावी-अकरावीतच घ्यायला लागा. ठरवलंच पाहिजे असं नाही, अंदाज पुरे. हे उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावलाच आहे आणि विद्यापीठही तिथंच. पुण्याच्या बसमधून जाताना आपण त्यांच्या पाट्या वाचतो आणि पुढे जातो.

२. अकरावीत गणित सोडू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा.

जीवशास्त्र आवडणारी मुलं अकरावीला आनंदाने गणित सोडतात. मीही सोडलं. त्याऐवजी जो विषय घेतला त्यात भरपूर गुण मिळाले आणि त्या गुणांचा पुढे काडीचाही उपयोग झाला नाही. आयसर म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारच्या संस्था. त्यांची प्रवेश परीक्षा ६० प्रश्नांची असते: जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित, प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. म्हणजे गणित सोडणारा २४० पैकी ६० गुण दारातच ठेवून आत शिरतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदवीला जायचं तर बारावीला गणित लागतंच.

पुढेही सुटका नाही. एमएस्सीसाठीच्या जॅम परीक्षेत बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरमध्ये बारावीच्या पातळीचं गणित येतं, गॅट-बी या जैवतंत्रज्ञानाच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेच्या पहिल्या भागातही येतं. आणि खऱ्या संशोधनात तर संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. दोन वाफ्यांतल्या रोपांच्या उंचीतला फरक खरा आहे की योगायोग, हे सांगता आलं नाही तर तुमच्या वर्षभराच्या मोजमापाला कुणी विचारत नाही.

गणित आधीच सोडलं असेल तर रडत बसू नका. अकरावी-बारावीच्या पुस्तकांतले संभाव्यता, लॉगॅरिदम, फलन आणि कलनाची सुरुवात हे धडे सुट्टीत करा. मी ते एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला केले, मेसमधल्या इंजिनिअरिंगच्या एका पोरीकडून. तिला बदल्यात शेंगा चटणी पुरवत होते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी आणखी एक. अकरावीत अचानक सगळे शब्द बदलतात. पेशीविभाजन कळत असतं, पण मायटोसिस म्हटलं की गाडी अडते. एका वहीत दोन रकाने करा, डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे इंग्रजी. सहा महिन्यांत वहीची गरज संपते. इंग्रजीच्या क्लासवर पैसे घालवण्यापेक्षा हे बरं.

३. बारावीनंतर: तीन रस्ते

पहिला, पाच वर्षांची एकत्रित पदवी. आयसर सात आहेत आणि त्यातलं एक पुण्यात. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठातलं अणुऊर्जा विभागाचं केंद्र यांच्यासाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा. दोन्हींचे फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीत निघतात. आपल्याकडच्या कितीतरी मुलांना या परीक्षा असतात हे कळतं तेव्हा फॉर्मची मुदत संपलेली असते. जानेवारीपासून दर रविवारी संकेतस्थळ बघायची सवय लावा. नीटची तयारी केलेल्यांचं जीवशास्त्र, रसायन आणि भौतिक जवळजवळ तयार असतं, फक्त प्रश्नांचा ढंग वेगळा.

दुसरा, सोलापुरातच बीएस्सी. यात कमीपणा नाही. मी हेच केलं. घरचं जेवण, कमी फी, आणि ग्रंथालयात गर्दी नसते. फक्त कॉलेज निवडताना जाहिरात बघू नका. एखाद्या वारी दुपारी दोननंतर तिथं जा आणि प्रयोगशाळेच्या दारात उभे राहा. मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली दिसतात की फळ्यावरून आकृत्या उतरवत आहेत? सूक्ष्मदर्शकावरच्या प्लास्टिकच्या टोप्यांवर धूळ किती आहे? पाच मिनिटांत कळतं.

तिसरा, कृषी पदवी. त्यासाठी राज्याची सीईटी असते. वनस्पती, कीटक, माती यांच्यात रस असेल आणि घरात "नोकरीचं काय" हा धोशा असेल तर हा रस्ता वाईट नाही. कृषी संशोधन सेवेची दारं त्यातून उघडतात.

आणि नीटचा ड्रॉप? एक ड्रॉप समजू शकतो. दुसरा घ्यायच्या आधी स्वतःला विचारा की मला रुग्ण तपासायचे आहेत, की बीएस्सीला जाणं अपयश वाटतं म्हणून मी थांबते आहे. दुसरं कारण असेल तर एक वर्ष वाचवा.

४. पदवीचा विषय: चकाकणाऱ्या नावाला भुलू नका

बायोटेक्नॉलॉजी हे नाव ऐकायला झकास आहे. वनस्पतिशास्त्र म्हटलं की नातेवाईक तोंड वाकडं करतात. पण हिशेब उलटा आहे. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला बसायचं तर पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा पशुवैद्यक यांपैकी एक तरी विषय असावा लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. नुसतं बायोटेक किंवा नुसतं मायक्रोबायोलॉजी केलेला अर्ज भरतानाच अडकतो. माझ्या वर्गातली एक मैत्रीण जंगलात काम करायचं म्हणून बायोटेकला गेली होती. हा नियम तिला तिसऱ्या वर्षाला कळला.

तेव्हा माळ-जंगल-शिक्षकी यांतलं काही डोक्यात असेल तर वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र हातचं सोडू नका. औषध कंपनी, अन्नप्रक्रिया, पाणी तपासणी असं काही मनात असेल तर मायक्रोबायोलॉजी उत्तम. बायोटेक घ्यायचंच असेल तर रसायन सोबत ठेवा.

आता पदवी तीन किंवा चार वर्षांची आहे. चौथं वर्ष संशोधनाचं घेतलं आणि ७५ टक्के राखले तर थेट पीएचडीसाठी पात्र होता येतं. माझं मत: प्रकल्प खरोखर करवून घेणारं कोणी मार्गदर्शक दिसत असेल तरच चौथं वर्ष त्याच कॉलेजात काढा. नाहीतर तीन वर्षांनी बाहेर पडून एमएस्सी चांगल्या ठिकाणी करा.

५. हात चालू ठेवा: एका कांद्याची गोष्ट

पहिल्या वर्षाला कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन बघायचा प्रयोग असतो. आमच्या घरी कांद्याला काय तोटा! काचेच्या ग्लासात पाणी भरायचं आणि वर कांदा असा बसवायचा की त्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं लोंबायला लागतात. टोकाचा अगदी लहान तुकडा घ्यायचा, कारण पेशी तिथंच विभागतात. एक भाग अॅसिटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल अशा मिश्रणात तो ठेवायचा, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून मऊ करायचा, अॅसिटोकारमाइनने रंगवायचा. वर कव्हरस्लिप ठेवून टिपकागदाच्या घडीवरून अंगठ्याने सरळ खाली दाब द्यायचा. कव्हरस्लिप जरा जरी सरकली तरी सगळं फिसकटलं.

मी अकरा स्लाइड केल्या. दाब बरोबर होता, रंग सुरेख चढला होता, पेशी विटांसारख्या रचलेल्या दिसत होत्या, पण विभागणारी एकही नाही. शेवटी मॅडमकडे गेले. त्यांनी स्लाइडकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "मुळं कधी कापलीस?"

"दुपारी. घरून निघताना."

"उद्या सकाळी आठ-नऊला काप."

दुसऱ्या दिवशी सकाळी कापली. पहिल्याच स्लाइडवर एका पेशीत गुणसूत्रांचे दोन जुडगे दोन टोकांना ओढले जाताना दिसले. मी खुर्चीवरून उठून पुन्हा बसले. कांद्यात विभाजनाचा जोर सकाळी असतो, हे पुस्तकाच्या एका कोपऱ्यात लिहिलेलंही होतं.

पण खरी चूक वेळेची नव्हती. त्या अकरा स्लाइडच्या नोंदीत मी मुळं कापल्याची वेळ लिहिलीच नव्हती. लिहिली असती तर मॅडमकडे जायच्या आधी माझं मलाच उमगलं असतं. म्हणून प्रयोगवहीचे नियम सांगते: तारीख, वेळ, तापमान, काय केलं, काय दिसलं, काय बिघडलं. पक्की वही नंतर सजवायला ठेवा. कच्ची वही हीच खरी, आणि तिच्यातलं पान फाडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

या टप्प्यावर लागणारं सामान फार नाही:

- दहापट मोठं दाखवणारं हातभिंग, गळ्यात दोरीला बांधलेलं
- पेन्सिल, जेल पेनची शाई एका पावसात वाहून जाते
- मोजपट्टी, चिमटा, ब्लेड, जुने लिफाफे
- रद्दीची वर्तमानपत्रं. वनस्पती दाबून वाळवायला लागतात आणि कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर नमुना काळा पडून बुरशी धरतो
- जमलं तर फोल्डस्कोप, म्हणजे घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक

घरच्या कुकरलाही साधारण ऑटोक्लेव्हइतकाच (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राइतकाच) दाब येतो, म्हणून काही उत्साही मंडळी स्वयंपाकघरात जिवाणू वाढवायला बसतात. असलं करू नका. बशीत काय उगवलंय हे तुम्हाला ठाऊक नसतं आणि शेजारीच भाकरीचं पीठ असतं.

६. माळावर जा, पण रीतसर

सोलापूरच्या मुलांना वाटतं, वन्यजीव म्हणजे ताडोबा. बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोक पक्ष्यासाठीचं अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते घटवून सुमारे १,२२२ वर आलं. एवढ्या मोठ्या क्षेत्रात लोकांची शेतं, गावं, रस्ते सगळंच आलं होतं. यातून काय काय घडलं हे समजून घेतलंत तर संवर्धन म्हणजे काय याचा निम्मा अभ्यास होतो.

माळढोक आता दिसेल या आशेने जाऊ नका. काळवीट बघा, खोकड बघा, धाविक आणि चंडोल हे पक्षी ओळखायला शिका. नशीब असेल तर लांडगा. सरकारदरबारी कैक माळ पडीक म्हणून नोंदवले गेले आहेत, आणि तिथं गवताच्या दहा जाती तुमच्या पायाखाली असतात. कुसळी कुठलं, पवन्या कुठलं, मारवेल कुठलं हे धनगराच्या पोराला ठाऊक असतं. त्याला विचारा, मग पुस्तकात शास्त्रीय नाव शोधा. उलट क्रमाने मी करून पाहिलं आहे, जमत नाही.

हिवाळ्यात हिप्परग्याचा तलाव आणि उजनीचा फुगवटा. रोज पंधरा मिनिटं एकाच जागेवरून पक्षी मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद घाला. वर्षभर न चुकता केलंत तर तुमच्याकडे खरी आकडेवारी असते, आणि मुलाखतीत ती कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ पासूनची संस्था पक्षी, सरपटणारे प्राणी अशा विषयांचे छोटे अभ्यासक्रमही चालवते.

टाळायच्या चुका तीन. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, वनविभागाच्या कार्यालयात अर्ज द्या. पीस, अंडं, शिंग, काही उचलून आणू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा "कॉलेजच्या प्रकल्पासाठी" हे कारण ऐकून घेत नाही. आणि घरट्याचा फोटो ठिकाणासकट टाकू नका. बेडूक चिरण्याची भीती वाटून प्राणिशास्त्र टाळत असाल तर निश्चिंत राहा, २०१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतलं विच्छेदन बंद करायला सांगितलं आहे.

७. उन्हाळ्याची सुट्टी आणि ते अवघड ईमेल

दुसऱ्या वर्षानंतरचे दोन महिने दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काढा. तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिचे अर्ज आदल्या पावसाळ्याच्या शेवटी किंवा हिवाळ्याच्या तोंडावर निघतात. मे महिन्यात जाग येणाऱ्याला काही मिळत नाही.

बाकी ठिकाणी थेट लिहावं लागतं. पुण्यात आयसर, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आघारकर संशोधन संस्था, राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, प्राणी आणि वनस्पती सर्वेक्षणांची पश्चिम विभागीय केंद्रं, हे सगळं हुतात्मा एक्स्प्रेसच्या एका तिकिटावर आहे. मी बत्तीस ईमेल पाठवले. पहिल्या वीसांना एकही उत्तर आलं नाही, कारण वीसही एकसारखे होते: "रिस्पेक्टेड सर, मी अत्यंत मेहनती विद्यार्थिनी आहे." पुढच्या बारांपैकी तिघांनी उत्तर दिलं. त्यांत मी चारच गोष्टी लिहिल्या होत्या. त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला, त्यातलं काय कळलं नाही, मला हाताने काय येतं, आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत येऊ शकते. दहा ओळी, सोबत एक पानाचा बायोडेटा. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करायची. तिसऱ्यांदा नाही.

"कळलं नाही" असं लिहायची लाज वाटते. पण ज्यांनी मला बोलावलं ते त्याच ओळीमुळे.

८. कागदपत्रं

इथं मी एक जागा गमावली आहे, म्हणून जरा सविस्तर.

एका राष्ट्रीय संस्थेच्या एमएस्सी प्रवेशाला माझं नाव यादीत आलं. मी नॉन-क्रिमीलेयर दाखला घेऊन गेले. तो राज्याच्या नमुन्यातला होता. केंद्राच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, आणि तो बहुधा चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेला. टेबलापलीकडचे गृहस्थ म्हणाले, चार दिवसांत आणा. त्या चार दिवसांत शनिवार, रविवार आणि एक सुट्टी होती.

हे सगळं एका फाइलमध्ये आणि स्कॅन करून मोबाइलमध्येही ठेवा:

- दहावी, बारावी आणि प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिका
- शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला. विद्यापीठ बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेट
- अधिवास दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला आणि जात वैधता. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत द्या, महिने लागतात
- नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस: राज्याचा आणि केंद्राचा, दोन्ही वेगवेगळे
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- आधार आणि बँक खातं एकमेकांशी जोडलेलं. शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून तिथंच येते

राज्यात विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल तर केंद्राच्या यादीत तुमची जात ओबीसीत आहे का हे तपासा. नावाची यादी वेगळी आणि प्रवर्गाचं नाव वेगळं, यात बरेच जण फसतात. आणि नावं जुळवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव आहे, कुठं नुसतं आद्याक्षर. देशपातळीवरच्या फॉर्ममध्ये संगणक हे समजून घेत नाही. दुरुस्ती एप्रिलच्या आत उरका.

९. एमएस्सीच्या परीक्षा

आयआयटी आणि इतर काही संस्थांसाठी जॅम, फेब्रुवारीत. जैवतंत्रज्ञान विभागाच्या अनुदानित अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी, तिथं विद्यावेतनही मिळतं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. वन्यजीवांत पुढे जायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस. एनसीबीएसचा वन्यजीव एमएस्सीचा वर्ग एक वर्षाआड भरतो आणि जागा पंधराच्या आसपास, तेव्हा आपली पदवी कुठल्या वर्षी संपते ते आधीच मोजा.

अभ्यासाबद्दल एकच: मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आधी, जाडजूड गाइड नंतर. जॅम म्हणजे नेमके गड्ड्याच्या जत्रेनंतरचे दिवस. जत्रेला एक संध्याकाळ द्या, जास्त नाही. मी तीन दिल्या होत्या.

१०. नेट, पैसे आणि पीएचडी नको असेल तर

संशोधनासाठीची शिष्यवृत्ती (जेआरएफ) मिळवून देणारी राष्ट्रीय परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. तिचा जीवविज्ञानाचा पेपर २०० गुणांचा. तिसऱ्या भागात ७५ प्रश्न असतात आणि सोडवायचे फक्त २५, प्रत्येकी ४ गुणांचे. सगळं येत असलेल्यापेक्षा सात-आठ घटक खोलवर येत असलेला इथं पुढे जातो, कारण निवड तुमच्या हातात असते आणि चुकलं तर गुण कापले जातात. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं. मामांना हा आकडा सांगितल्यावर ते पहिल्यांदा गप्प बसले.

पर्यावरणशास्त्राकडे कल असेल तर २०१४ पासून गेट या राष्ट्रीय परीक्षेत परिसंस्था आणि उत्क्रांती असा स्वतंत्र पेपर आहे. जेआरएफ हुकली तरी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या प्रवर्गांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. कॉलेजात शिकवायचं तर राज्याची सेट ही पात्रता परीक्षा आहे.

पीएचडी प्रत्येकाने करावी असं मला मुळीच वाटत नाही. एमएस्सीनंतर औषध आणि लस कंपन्यांतली गुणवत्ता तपासणी, पाणी आणि अन्न तपासणीच्या प्रयोगशाळा, बियाणे कंपन्या, एमपीएससीतून वनसेवा, प्रकल्पांवरचे सहायक, असे सरळ पगाराचे पर्याय आहेत. प्रकल्प सहायकाची वर्ष-दोन वर्षं तर मी सगळ्यांनाच सुचवेन. रोज सकाळी पिपेट उचलायला किंवा माळावर जायला आपण खरंच उठतो का, ते पगार घेऊन कळतं.

११. पीएचडीचा मार्गदर्शक निवडताना

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाची चौकशी करा. मुलाखतीला जाल तेव्हा त्या प्रयोगशाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीला चहाला बाहेर न्या. तिला तीन गोष्टी विचारा: इथं पीएचडीला सरासरी किती वर्षं लागतात, मध्येच सोडून कितीजण गेले, आणि शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं असतं. ती आकडे सांगायला लागली तर वही काढा. "सर तसे खूप चांगले आहेत" म्हणून तिने हवापाण्याचा विषय काढला, तर चहाचे पैसे द्या आणि दुसऱ्या प्रयोगशाळेचा दरवाजा ठोठवा.